रांगेतली जागा

मेलबर्नपासून चार तासांवरच्या या गावाला मी तीन वर्षं औषधं देतेय. कुणाची शुगर किती, हे मला तोंडपाठ. पण एकानेही कधी चहाला बोलावलं नाही. आणि आज पोस्टातली नोरीन दुकानात येऊन म्हणते, "चिन्मयी, चारला हॉलसमोर ये. गावाचा फोटो आहे. तुझी जागा ठेवलीय."

इथलं सोनं संपलं, खाण बुजली, पण हा फोटो एकाही वर्षी चुकला नाही. आजोबा उभे राहायचे तिथेच नातू उभा राहतो. हॉलमध्ये सगळे फोटो टांगलेत. प्रत्येकात माणसं खांद्याला खांदा लावून, आणि मधोमध एका माणसाएवढी फट. फटीत कुणी नाही. जमिनीवर मात्र एक सावली आहे, एक हात कमरेवर ठेवलेली.

मी चारला गेले ती सुनावायलाच.

"तीन वर्षं तुम्हाला दिसले नाही, आणि आता फट बुजवायला मी? मी नाही उभी राहणार!"

कुणालाच राग आला नाही. सगळे ओळखीचं हसले.

"नो वरीज, लव्ह," नोरीन म्हणाली. "दरवर्षी असंच म्हणतेस."

मी तरातरा रस्त्यापलीकडे गेले आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. कॅमेरा वाजला.

उन्हं कलली होती. शेजारच्या खांबाची लांबलचक सावली रस्त्यावर पडली होती. माझ्या पायांशी काहीच नव्हतं.

माझी सावली पलीकडे होती, फटीत, एक हात कमरेवर ठेवून.

मी पटकन हात खाली घेतला.

तिने घेतला नाही.