मोटारीची थरथर

"ह्या गाडीत बसायचं तर जीभ काढून घरातच ठिऊन यावं बाई," गुणाबाई मागच्या सीटवर पुटपुटली. तिची जीभ परत एकदा चावली होती. एका हातात शेंगांच्या चटणीचा डबा, दुसरा हात लेकीच्या, शालूच्या ट्रंकेवर.

"मोठ्यानं बोल की," पुढून तिचा नवरा नागोजी म्हणाला.

"तुमास्नी न्हाय. गाडीला म्हटलं."

हळू चालवली की मोटार गुणी पोरासारखी चालत होती. नागोजीनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की पुढून थरथर सुटायची. आधी स्टेअरिंग, मग बॉनेट, मग मडगार्ड, आणि शेवटी नवरीमुलीसारखी अंग चोरून पुढच्या सीटवर बसलेल्या शालूच्या बांगड्या. लगेच नागोजी पाय काढायचा, गाडी कडेला घ्यायचा आणि उतरायचा. संकेश्वरला त्यानं चाकांचे नट आवळले. हत्तरगीला टायरांतली हवा बघितली. यमकनमर्डीच्या पुढं जॅक लावून चाक फिरवलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला.

हुबळीची रेल्वे बेळगाव स्टेशनात कुणासाठी थांबणार नव्हती. उद्या सकाळी शालू हुबळीच्या दवाखान्यात हजर झाली नाही, तर तिची नर्सिंगची जागा दुसऱ्या पोरीला जाणार होती.

निपाणीपासून काकतीपर्यंत कुणाचीही मोटार अडली की माणसं नागोजीला शोधत यायची. नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. आज स्वतःच्या मोटारीचं दुखणं त्याला सापडत नव्हतं. शालू वेळेच्या धास्तीनं ऊन बघत होती आणि गुणाबाई शालूला.

वंटमुरीचा घाट चढताना गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती, तरी थरथरत होती.

"हिचं काय खरं न्हाय," नागोजी म्हणाला. "काकतीत लावू कुणाच्या तरी दारात. उद्या बघू."

"उद्यापतोर जागा ऱ्हातीय व्हय, आप्पा?"

"जागा काय, परत निघत्यात."

माथा आला. नागोजीनं सवयीनं गिअर काढला. पेट्रोलला रेशन आल्यापासून उतार दिसला की सगळेच गाडी अशी नुसती सोडून द्यायचे. मोटार सुटली. झाडं भराभर मागं पळायला लागली, शालूचा पदर फडफडला. सकाळपासून गाडी एवढ्या जोरात गेली नव्हती.

शालूनं आपल्या बांगड्यांकडं बघितलं. मग स्टेअरिंगकडं.

"आप्पा, थरथरत न्हाय."

नागोजी समोर बघत राहिला.

"एवढ्या जोरात पळतीय आणि थरथरत न्हाय. मग चाकं न्हवंच की. चाकं असती तर आता आपल्याला खिळखिळं केलं असतं." ती सीटवरून अर्धी उठली होती. "आणि घाटात हळू हुती तरी हादरत हुती. इंजिनवर जोर आला की हादरतीय, आप्पा. इंजिनकडनं हाय हे."

"खाली बस. पडशील."

उतार संपला. गिअर पडला, नागोजीनं पाय दाबला आणि थरथर हजर झाली. शालूला हसू फुटलं.

"थांबवा."

गाडी पुरती थांबायच्या आत तिनं खाली उडी मारली आणि बॉनेट उघडलं. लहानपणापासून नागोजीच्या हातात पाने-पकडी तीच देत आली होती. "आता दाबा," ती ओरडली. नागोजीनं बसल्या जागेवरून पाय दाबला, तसं इंजिन खोंडानं मान उडवावी तसं उडालं.

"सापडलं! आई, ये बघायला."

इंजिन चौकटीला धरून ठेवणारा पुढचा बोल्ट ढिला झाला होता. शालू पाना घेऊन वाकली, आणि तशीच राहिली. आजूबाजूला वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ यांचं काळं लिंपण होतं. नट तेवढा पुसलेला होता. त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे चमकत होते.

गुणाबाई शेजारी येऊन उभी राहिली. तिनं नट बघितला. मग काचेपलीकडं बसलेला नवरा बघितला. तो स्टेअरिंग पुसत होता. स्टेअरिंगवर काही नव्हतं.

"काय झालंय गं?" त्यानं आतून विचारलं.

"सुटलाय," शालू म्हणाली. "रस्ताच तसला. आपोआप सुटला असंल."

"सुटत्यात," गुणाबाई म्हणाली. "निपाणी सोडल्यावर तवंदीच्या घाटातच सुटला असंल, मेला."

शालूनं सगळं अंग टाकून नट आवळला. ती येऊन बसली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. नागोजीनं डोक्याचा रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला.

मग मोटार पळाली. काकती आली कधी नि मागं पडली कधी, कळलं नाही. बैलगाड्या, सायकली, शेळ्या सगळं बाजूला होत गेलं. गुणाबाईनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला गाडी हळू हाका म्हटलं नाही. "ती म्हस बघा, डावीकडनं घ्या, डावीकडनं," म्हणत ती पुढच्या सीटला लोंबकळली होती, आणि मधूनच "चटणीत पाणी लागू देऊ नगो," "पोचल्यावर एक कार्ड टाक," असं शालूच्या कानात ओरडत होती. शालू मान हलवत होती आणि हसत होती.

बेळगावात किल्ल्याच्या तळ्यापाशी आले तेव्हा लांबून रेल्वेच्या इंजिनाची शिट्टी ऐकू आली. झाडांवर धुराचा लोट दिसला.

"बोल्ट मीच ढिला केलता, शालू," नागोजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तू जाऊ नगंस असं अजूनबी वाटतंय मला."

आणि त्यानं ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला.