सिग्नलवरची थरथर

"भंगारवाला उद्या येतोय," आई म्हणाली, तशी वैजू भडकली. "बाबांची गाडी भंगारात? इंजिन ठणठणीत आहे. कुठूनतरी जादा हवा खेचतेय, म्हणून थरथरते."

तिनं गाडी चालू केली. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनवर फिरवलं. एका चिरलेल्या पाइपापाशी बारीक सूं सूं ऐकू आलं. तिनं तिथं बोट दाबलं, तशी थरथर थांबली.

"नवा पाइप टाकला की झालं."

आई पुढच्या सीटवर बसली होती. "सिग्नलला थरथरली की तुझे बाबा माझा हात धरायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, घाबरू नको. मी कुठं घाबरत होते? पण हात काढला नाही कधी."

वैजूनं पाइपावरचं बोट काढलं, तशी गाडी पुन्हा थरथरू लागली.

"भंगारवाल्याला नको म्हणून सांग. पाइप उद्या बदल. आज मला अशीच फिरवून आण."