गाडीचे चार हजार

"आगाऊ रक्कम शून्य असं लिहिलंय," सेलुविया म्हणाली. "अरे कितिओने, चार हजार डॉलर दिलेत मी. शून्य आलं कुठून?"

"मला कुठे दिलेस?"

"आईच्या हाती पाठवले. रविवारी, प्रार्थना सुटल्यावर. दिले की नाही तिनं?"

कितिओनेनं हातातली किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर जुन्या गाड्यांच्या रांगेवर लावलेल्या पताका वाऱ्यानं फडफडत होत्या. सात जणांची ती चंदेरी गाडी काचेवर 'विकली' असा कागद मिरवत दारापाशीच उभी होती.

सकाळी कर्ज देणाऱ्या कंपनीतून फोन आला होता. आगाऊ रक्कम जमा दिसत नाही, आज पाचपर्यंत भरली नाही तर कर्जाची मंजुरी रद्द. विमानतळावरच्या स्वयंपाकघरातली रात्रपाळी करून आलेली सेलुविया जेमतेम दोन तास झोपली होती. उठली ती तशीच निघाली, दोन बस बदलून ओटाहुहूला, कितिओनेच्या गाड्यांच्या आवारात आली.

कितिओने त्यांच्याच चर्चमधला. आठवडाभर गाड्या विकायचा आणि रविवारी चर्चचा कारभारी म्हणून दाराशी उभा राहून दानाची पाकिटं घ्यायचा. चर्चमधली निम्मी टोंगन कुटुंबं त्याच्याकडूनच गाड्या घ्यायची. पैसे द्यायला इतक्या लांब आवारात कोण येतंय? रविवारी भेट होतेच.

"पाकीट दिलं काकूंनी," तो अखेर म्हणाला. "पण ते चर्चचं होतं. तुमच्या घराचं नाव छापलेलं. मिसिनालेचं."

मिसिनाले म्हणजे वर्षाचं मोठं दान. भर चर्चमध्ये एकेका घराचं नाव आणि रक्कम मोठ्यानं वाचली जायची. यंदाचं परवावर आलं होतं.

"आणि तू ते दानात टाकलंस?"

"मग काय करू? चर्चच्या दारात, चर्चच्या पाकिटातून मिळालेले पैसे गाडीत घालू?"

"आमच्या घरानं कधी पाचशेच्या वर दिलेत? तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हटलं, पोरगी रात्रपाळीत भलतीच कमावतेय."

तिला हसू आलं नाही. कितिओनेही हसता हसता थांबला.

"विचारलं मी," तो किल्लीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, काकू, हे गाडीचे तर नव्हेत? म्हणाल्या, पाकिटावर काय छापलंय ते वाच आणि टाक. आता त्यांच्याशी मी वाद घालू? कान धरून बायबल शिकवलंय त्यांनी मला."

"तिची चूक झाली रे. घाईत हाताला लागलं ते पाकीट उचललं असणार."

"मग त्यांनीच पाद्रीबुवांना तसं सांगायला हवं. आज. परवा नाव वाचलं गेलं की संपलं. त्यानंतर तू परत मागायला आलीस, तर काकूंना चर्चमध्ये मान वर करता येणार नाही."

"आणि गाडी?"

"पाचपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. पुढचं माझ्या हातात नाही."

बसमध्ये बसायला जागा होती, पण सेलुविया उभीच राहिली. दर थांब्याला घड्याळ बघत होती. दोन वर्षं तोकिलुपे मावशी आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेत होती. आज सकाळीही आई तिच्याच गाडीत बसून गेली होती. महिनाअखेरीस मावशी मुलाकडे ब्रिस्बेनला निघणार होती, कायमची. सेलुवियाची जुनी गाडी कधीच भंगारात गेलेली. हे चार हजार साठवायला तिला चौदा महिने लागले होते. आज गाडी हातची गेली, तर पुढच्या महिन्यात आईला डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत न्यायचं कसं?

आईचं अलीकडे कशातच लक्ष नव्हतं, हेही तिला आता जाणवलं. गाडी बघायला चल म्हटलं तर, "तुला आवडली ना, झालं तर," म्हणून मोकळी. पावलं सुजलेली, चपला चढत नव्हत्या, तरी कुरकुर नाही. आणि बुधवारी रात्री तर कहरच केला. डॉक्टरांनी दोन वर्षं बंद केलेली नारळाच्या दुधातली अळूची पानं ताट भरून खाल्ली, वर दोन केळी.

"आई, अगं वेड लागलंय का तुला?"

"ओरडू नकोस. इतकं चांगलं जमलंय, तूही घे."

मग किती तरी वेळ टोंगातल्या बहिणीशी फोनवर हसत बसली होती.

वय झालं तिचं, सेलुवियानं स्वतःला समजावलं. तिच्यावर चिडायचं नाही. 'चुकतं गं माणसाचं,' एवढंच म्हणायचं, तिला हाताला धरून पाद्रीबुवांकडे न्यायचं आणि तिथून थेट कितिओनेकडे. अजून दीडच वाजत होता. जमेल.

डायलिसिस केंद्राच्या पायऱ्या ती जवळजवळ पळतच चढली. खिडकीजवळच्या आईच्या खुर्चीत कुणी अनोळखी म्हातारा गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपला होता. यंत्र घरघरत होतं. बाकीच्या खुर्च्यांवरून तिनं दोनदा नजर फिरवली.

नर्स लुर्देस लगबगीनं तिच्याकडे आली.

"आईला कुठे बसवलंय आज?" सेलुविया धापा टाकत म्हणाली. "तिला जरा लवकर सोडाल का? पाचच्या आत आम्हाला दोन ठिकाणी पोचायचंय."

लुर्देसनं तिचा दंड धरला आणि तिला दाराबाहेर आणलं.

"परवा सगळ्यांसाठी केक घेऊन आल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "एकेकाचा हात हातात घेऊन निरोप घेतला. आम्ही सगळे रडलो, त्याच काय त्या हसत होत्या."

"निरोप? कसला?"

लुर्देसनं मागचं दार ओढून घेतलं.

"लेकीला सांगितलंय म्हणाल्या होत्या त्या. सोमवारी त्यांनी उपचार थांबवायच्या कागदावर सही केली."