गाद्यांना ऊन

चिमणीच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसतच नव्हता. चिमणी संपावर गेली की काय, असं वाटावं. वीज केंद्राच्या तपासणीला आलेल्या बाईंनी आपल्या उपकरणावरचा आकडा पुन्हा पाहिला. नियमात बसत होता. न बसायला काय झालं? राख पकडणारं यंत्र पहाटेपासून पूर्ण जोरात चालू होतं. एरवी ते वीज फार खातं म्हणून बहुतेक बंदच असे. हुकूम वरून यायचा, पण बंद करणारा हात शिफ्टच्या इंजिनिअरचा असायचा.

तो इंजिनिअर आता शेजारी हसतमुखाने उभा होता. बाई सही करणार, एवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. समोर कर्मचाऱ्यांची कॉलनी होती. एकूण एक गच्चीवर गाद्या, उशा, पांढऱ्या चादरी.

इंजिनिअर पटकन खिडकीसमोर येऊन उभा राहिला. तपासणी ठरली की तो घरी आईच्या कानावर घालायचा, उद्या राख पडायची नाही, काय ते वाळत घाल. आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. घटकाभरात कॉलनीभर व्हायचं. आजवर आलेल्या एकाही साहेबाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांच्या घरी गाद्यांना ऊन दाखवणारं माणूस वेगळं असणार.

"ऊन चांगलं पडलंय," तो न विचारताच म्हणाला.

"ऊन कालही होतं," म्हणत बाई कॉलनीकडे निघाल्यासुद्धा.

तो मागून फरफटत गेला. हे उघडं पडलं तर केंद्राला टाळं लागणार आणि पहिला बळी त्याचाच जाणार. पहिलं घरही नेमकं त्याचंच होतं. दारात आई गादी झटकत होती. चार फटके मारले की तिला दम लागायचा. वय झालं की असं होतंच, असं तो तिला नेहमी सांगायचा. सांगताना मात्र तिच्याकडे बघायचा नाही.

सगळ्यांनी आजच गाद्या कशा काढल्या, असं बाईंनी तिला विचारलं.

आईने बाईंकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. ती जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. संपलं सगळं, असं त्याला वाटलं. खरं तर सुटल्यासारखंही वाटलं.

"ढेकूण झालेत हो सगळीकडे," आई खोकत म्हणाली. "लांबूनच बोला, तुमच्या कपड्यांवर चढतील."

बाई चटकन मागे सरल्या. गाडीपाशी उभ्या उभ्याच त्यांनी सही केली आणि गाडी निघून गेली.

इंजिनिअर परत दारात आला. शरमेने त्याची मान वर होईना. आईने गादीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धर, आत नेऊ," ती म्हणाली. "तुला यंत्र बंद करायला जायचं असेल ना."