चौथ्या ओळीनंतर

"परत अडखळलं!" ठिणगीने हेडफोन पलंगावर आपटला.

रिदम मशीन टेबलावर गप्प बसलं होतं, जसं काही आपण त्या गावचेच नाही. चार ओळी ठेका एकदम सरळ जायचा. चौथी ओळ संपली की मशीन किंचित लटकायचं, आणि मग पुढे निघायचं. दर वेळी तिथंच.

मामा दारात उभा राहून स्पीकरची वायर गुंडाळत होता. "हेडफोनने काय घोडं मारलंय तुझं?"

"मामा, तो हॉटेलचा मॅनेजर काय म्हणाला ऐकलंस ना? लोक नाचायला येतात, त्यांचे पाय चुकतात. आज मशीन सरळ वाजलं तर रोज संध्याकाळी गायचं काम आईला. नाहीतर दुसरी बाई तयारच आहे."

"मग दुसरं मशीन भाड्याने आणू की."

"आई ऐकते का? म्हणे मला याचीच सवय आहे!"

मशीन बापाचं. ठिणगीच्या मते त्याने हात लावलेली घरातली एकही वस्तू धड नव्हती. नळ पिळून पिळून बंद करायचा. कपाटाचं दार उचलून लावायचं. पंखा फिरताना नुसती मान हलवायचा. सगळं अर्धवट ठेवून शेवटी घरही अर्धवट टाकून गेला. जायच्या आधी कितीतरी महिने याच मशीनमध्ये डोकं खुपसून बसायचा. एवढं करून काय साधलं, तर हे.

तिने लॅपटॉप ओढला. "आतलं फर्मवेअरच बदलते."

"आतलं काय?"

"मशीनला कधी काय वाजवायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. हौशी लोकांनी नवीन बनवलाय. ठेका घट्ट, आवाज डबल, कंपनीनेसुद्धा दिलं नाही ते सगळं."

मामा स्क्रीनवर वाकला. "आणि हे खाली लाल अक्षरात काय?"

"मशीन मेलं तर आम्ही जबाबदार नाही."

"वा! शाळा सोडलीस ती यासाठी?"

"शाळेत हे शिकवलं असतं तर सोडली नसती."

तिने वायर जोडली. लॅपटॉपने विचारलं, जुनं फर्मवेअर जपून ठेवायचं का?

"तो कचरा कशाला?" म्हणत तिने 'नाही' दाबलं.

निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि थांबली. मशीनची स्क्रीन काळी झाली.

ठिणगीने बटण दाबलं. काही नाही. प्लग काढून परत लावला. काही नाही. तिने टेबलाला लाथ घातली, ती पायालाच लागली.

"झालं!" मामा म्हणाला. "आता मी टाळ्या वाजवतो, तुझी आई गाईल."

"मामा, तोंड बंद!"

तिने वायर बदलली. दोन बटणं एकदम दाबून मशीन चालू केलं, हौशी लोकांनी तसंच लिहिलं होतं. नाही. पुन्हा. बोटं दुखायला लागली. स्वतःला, लॅपटॉपला आणि बापाला, तिघांनाही तिने मनसोक्त शिव्या घातल्या. कधीतरी स्क्रीन एकदम पेटली आणि पट्टी सरसर शेवटाला गेली.

तिने श्वास रोखून ठेका लावला. तिसरी ओळ. चौथी. पाचवी. मध्ये केसाएवढीही फट नाही.

"सुटलं!" ती पलंगावर उडी मारत ओरडली.

"बापाला मागे टाकलंस गं," मामा म्हणाला.

"त्याचं नाव काढू नकोस."

जिन्यात पावलं वाजली, मग थांबली. ठिणगीने वाकून पाहिलं. आई खालच्या मजल्यावर कठड्याला टेकून पर्समध्ये हात घालून उभी होती.

"आई, दार उघडंच आहे! प्रत्येक मजल्यावर चावी काय शोधत बसतेस?"

"सवय गं." थोड्या वेळाने ती वर आली. "मशीन घेतलंस ना? धक्का नको लावूस त्याला."

ठिणगीने मामाला डोळा मारला. आईला तिथंच कळू दे. कार्यक्रमाच्या दिवशी ती घरी गायची नाही, गळा राखून ठेवायची.

हॉटेलच्या हॉलमध्ये मॅनेजर खांबाजवळ हाताची घडी घालून उभा होता. ठेका सुरू झाला. जोड्या उठल्या, पाय बरोबर पडायला लागले. मॅनेजरची मान डोलली. ठिणगीने मामाला कोपराने ढोसलं.

आईने पहिल्या चार ओळी झकास घेतल्या.

पाचवी तिला उशिरा सापडली. पुढच्या चारनंतर तर अर्धी ओळच गळाली. तिने वळून मशीनकडे पाहिलं. मशीन सरळ पुढे निघून गेलं होतं. ती त्याच्या मागे धावत राहिली, शब्द गिळत. मग तिने माइकचा दांडा धरला आणि गाणं थांबलं. ठेका चालूच होता. जोड्या एकमेकांकडे बघत उभ्या राहिल्या. मॅनेजरने फोन काढून कानाला लावला आणि हॉलबाहेर गेला.

ठिणगी स्टेजवर धावली. तिचं डोकं फिरलं होतं.

"आई, मशीन बरोबर आहे! तू चुकतेयस!"

आई स्पीकरवर बसली होती. ओठ पांढरे पडले होते, छाती वरखाली होत होती. मामाने घाईघाईने पाणी पुढे केलं, तिने हातानेच नको म्हटलं.

"काय केलंस त्याला?"

"दुरुस्त केलं! बाबाने करून ठेवलेला तो अडखळा काढून टाकला."

आईने डोळे मिटले. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागत होता.

"जुनं परत घाल. आत्ता. माझ्या छातीला कान लावून, श्वास मोजून बसवला होता त्याने तो."