नवं तेल

तळून उरलेल्या तेलापासून गाड्यांचं इंधन बनवायचा त्याचा छोटासा कारखाना होता. यंत्रं धडधाकट होती, पण त्यांच्या घशात ओतायला तेलच मिळेना. आजही रिकाम्या हातानं परतलो तर उद्या कुलूप, हे त्याला कळून चुकलं होतं. सकाळपासून पायाला भिंगरी लावून तो हॉटेलांची मागची दारं ठोठावत होता.

"जळकं, काळंकुट्ट, कसलंही द्या हो!" शेवटच्या दारात तो अक्षरशः हातापाया पडला.

"हल्ली दुसराच एकजण येतो, साहेब," मासे तळता तळता आचारी म्हणाला. "तुमच्या दुप्पट भाव देतो आणि सगळं उचलून नेतो. त्याचं काय करतो, देव जाणे!"

तो हात हलवत घरी आला. बायको बटाट्याच्या काचऱ्या तळत होती. लेक ओट्याशी उभी राहून गरमागरम तोंडात टाकत होती.

"अहो, दुकानात नवं तेल आलंय, निम्म्या किमतीत!" बायको खुशीत म्हणाली. "बघा तरी, कसं पाण्यासारखं स्वच्छ आहे!"

जळकी तेलं हुंगण्यात आयुष्य गेलेला तो उंबऱ्यातच थिजला.

कढईत बटाटे होते आणि वास माशांचा येत होता.