माग थांबला

नवऱ्याच्या, यादगिरीच्या छातीत कळ येऊन गेली, तेव्हापासून आतल्या खोलीतला माग थांबला की नरसम्मा हातातलं काम टाकून तिकडं धावायची.

"धागा तुटला की माग थांबणारच," तो दरवेळी चिडायचा. "सारखं वाईटच काय आणतीस मनात?"

आज खडखडाट थांबला तेव्हा तिनं स्वतःला बजावलं, धागाच तुटला असेल. ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची एक करपली, दुसरी करपली, तरी माग सुरू होईना. पण ती उठली नाही.

तेवढ्यात यादगिरीच घाबराघुबरा होऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.


"धागा कवाच जोडून बसलोय. तू बघायला आली न्हाईस, म्हटलं तुला काय झालं की काय."